गेट का उघडलं त्याची हकीगत

भाईंदर (पश्चिम),
ता. ११ फेब्रुवारी १९७३, रविवार

तीर्थस्वरूप बाळाराम भावोजी यांच्या पायांवर लवूचं डोकं (पत्रातून जेवढं टेकता येतं तेवढं).

मी इकडे बरा आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालतो, नसता तर कोणीतरी कळवलं असतं. आपला गुडघा कसा आहे? (उजवा. डाव्याची तक्रार मी कधी ऐकली नाही.) दिवसभर शिलाईचं मशीन पायांनी मारायचं म्हणजे गुडघ्याला विसावा कुठला, तरी मधे मधे उठून पडवीत दोन फेऱ्या मारत जा. आक्काला नमस्कार. हे पत्र तिला वाचून दाखवाल तेव्हा कंसातलं गाळलं तरी चालेल. आणि म्हशीचं काय झालं ते लिहा. मागच्या कार्डावर शेवटी "म्हैस" एवढं लिहून तुमची जागा संपली, तेव्हापासून मला तिची काळजी लागलेली आहे.

तुम्ही विचारलंत की हीही नोकरी सोडलीस की आहे. तर आहे. अजून सतरा दिवस नक्की आहे. अठ्ठावीस तारखेला माझी सहा महिन्यांची तात्पुरती मुदत संपते. त्या दिवशी एक तर मला शाळेचा शिपाई म्हणून कायम करतील, नाहीतर पिशवी उचलून वाडीवर परत यायचं, आणि वाडीवर परत म्हणजे कोणाच्या समोर जाऊन उभं राहायचं ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईत मला आता ठेवून घेणारं कोणी उरलेलं नाही. परळच्या खानावळीत दोन महिने झाले, गोदीत बोटींना रंग लावायला चार महिने, मग एका सोडावॉटरवाल्याकडे, मग इथे मिठागरावर अकरा दिवस (मीठ पायाला काय करतं ते पायालाच माहीत), मग लाकडाच्या वखारीत हातगाडी. सगळीकडून मी आपणहून निघालो, एक सोडावॉटर सोडून. ह्या शाळेत नोकरी करायला मी आलोच नव्हतो, बारा बाकं पोचवायला आलो होतो. बाकं उतरवली तेव्हा जुना शिपाई दोन दिवस आलेला नव्हता, आणि हेडसर व्हरांड्यात घड्याळ बघत उभे होते. मला म्हणाले, जरा ती घंटा दे. मी दिली. म्हणाले, आता पाऊण तासानं परत दे. पाऊण तासासाठी हातगाडी परत कुठे न्यायची म्हणून थांबलो, तो अजून थांबलेलाच आहे. सहा महिने एका जागी मी आजवर राहिलेलो नाही, हे तुम्ही जाणताच. तसं मला कायम केलं काय आणि नाही केलं काय, दोन्ही सारखंच. पण जे झालं ते तुमच्या कानावर भलत्याच तोंडून जाऊ नये म्हणून लिहितोय.

झालं ते इंग्रजीमुळे. आमच्या शाळेत इंग्रजीला मंदाबाई आहेत. वयानं माझ्याएवढ्याच, चष्मा मात्र हेडसरांपेक्षा जाड. दिवाळीच्या आधी सरकारनं त्यांना पंधरा दिवस मुंबईला ट्रेनिंगला बोलावलं. जाताना त्या चारचौघींसारख्या शिकवत होत्या, म्हणजे पुस्तकातलं वाचायचं, खाली मराठीत अर्थ सांगायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा आणि विसरायचा. परत आल्या त्या नवी पद्धत घेऊन. तिचे दोन नियम. तासाला मराठीचा शब्द काढायचा नाही, घंटेपासून घंटेपर्यंत. आणि जे बोलायचं ते करायचं, जे करायचं ते बोलायचं. मी दाराकडे जातोय असं इंग्रजीत म्हणायचं असेल तर उठून दाराकडे चालू लागायचं आणि चालता चालता म्हणायचं. पाणी पितेय म्हणायचं तर प्यायचं. सत्यनारायणाला भटजी सांगतात, पळीभर पाणी सोडा, आणि आपण सोडतो, अर्थ विचारत बसत नाही, तसलाच प्रकार. आमची आठवीची पोरं मुर्ध्याची, मोरव्याची, चौकची. बाप कोणी होडीवर, कोणी मिठागरावर. पाचवीपासून त्यांच्या दप्तरात इंग्रजीचं पुस्तक होतं, पण तोंडात इंग्रजी कधी आलं नव्हतं. हा प्रकार मात्र त्यांना एका आठवड्यात उमजला. त्यांनी आपल्या मनाशी ठरवून टाकलं की ही भाषा हातापायांची आणि डोळ्यांची आहे. मराठीत माणूस काहीही बोलू शकतो, इंग्रजीत समोर घडेल तेवढंच बोलायचं.

बाईंना आधी हे कळलं नाही, कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. शाळेच्या मागे राहणाऱ्या कृष्णाबाईंची कोंबडी मी एकदा तासासाठी मागून आणली (वस्तू आणायचं काम माझं, छत्री, बादली, शहाळं, कंदील, सगळं मीच मागून आणतो आणि मीच परत करतो). कोंबडी टेबलाखाली आहे असं वाक्य होतं. बाईंनी वाक्य म्हटलं आणि कोंबडी उडून टेबलावर बसली. बाई म्हणाल्या, म्हणा. वर्ग गप्प. पुन्हा म्हणाल्या, वर्ग पुन्हा गप्प. शेवटी बाईंनी कोंबडीकडे बघून वाक्य बदललं, तेव्हा बेचाळीस पोरं एका आवाजात बोलली. दुसऱ्या खेपेला पुस्तकात आंबा खाण्याचं वाक्य आलं. जानेवारीत आंबा कुठला? बाईंनी चित्र दाखवलं. चौकची आशा म्हणून एक मुलगी आहे, कमी बोलणारी, ती चित्राकडे बघत राहिली आणि मान हलवून खाली बसली. आंब्याचं वाक्य आता एप्रिलपर्यंत राखून ठेवलेलं आहे, पोरांनी वहीत त्याला जागा सोडलीय.

ह्यात माझा संबंध असा की वस्तू कमी पडायला लागल्या तेव्हा बाईंनी मलाच वस्तू म्हणून घेतलं. लवू दारात आहे. लवू खिडकीशी आहे. लवू, खिडकी उघड. लवू, दार लाव. दिवसातून दोन तास हे चालायचं. बाई सांगायच्या, मग एकेक पोर उठून सांगायचं, आणि मी उघडायचो किंवा लावायचो. पहिल्या दिवशी मला खुणेनं कळत होतं, महिन्याभरात खूण लागेनाशी झाली. भावोजी, इंग्रजी माझ्या कानातून सरळ हातात जातं, वाटेत डोक्यात थांबत नाही. त्या दिवशीचं सगळं ह्यातूनच घडलं. पण हे मी हेडसरांना सांगितलं तेव्हा ते त्यांच्या डोक्यात गेल्याचं चेहऱ्यावर दिसलं नाही.

बुधवारी तपासणी होती. आधी चार दिवस चुना मारला, नकाशे पुसले, हेडसरांनी मला गेटवर बसवलं आणि सांगितलं की परवानगीशिवाय पोर बाहेर जाता कामा नये. साहेब साडेअकराला आले. सडपातळ, हातात स्वतःचा फिरकीचा तांब्या, कोणाच्या घरचं पाणी पीत नाहीत असं दिसलं. थेट आठवीत इंग्रजीच्या तासाला जाऊन बसले. पुढचं मी गेटवर असल्यामुळे बघितलं नाही, मंदाबाईंनी आणि पोरांनी नंतर सांगितलं ते लिहितो. थोडा वेळ सगळं छान चाललं, छत्री वर, छत्री खाली. मग साहेबांना वाटलं की पुस्तकाबाहेरचं विचारावं. त्यांनी मुर्ध्याच्या नाथाला उभं करून विचारलं, व्हॉट इज युवर फादर डूइंग, म्हणजे तुझा बाप काय करतोय. सगळ्या मुंबई इलाख्यात ह्या प्रश्नाला पोरं उत्तर देतात की बाप शेतकरी आहे किंवा नोकरीला आहे, आणि साहेब पुढच्या पोराकडे वळतात. नाथानं विचार केला. बाप घरी मुर्ध्याला. आत्ता काय करतोय ते दिसत नाही. तेव्हा त्यानं साहेबांना नमस्कार केला, बाकाबाहेर आला आणि दाराबाहेर गेला. साहेबांना वाटलं, पोराला लागली असेल. त्यांनी मोरव्याच्या शालूला विचारलं. तीही उठली, नमस्कार केला आणि गेली. मग आशाला विचारलं. तिनं दप्तर बरोबर घेतलं, कारण चौकला जायचं तर बस धरावी लागते आणि लगेच परतणं होत नाही. ह्यानंतर साहेबांनी प्रश्न विचारायचं थांबवलं.

तुम्ही म्हणाल, बाईंनी अडवलं का नाही? कसं अडवणार? साहेबांच्या समोर तासात मराठी काढायची सोय नाही, आणि परत या हे इंग्रजीतून सांगायचा धडा अठ्ठाविसावा, आम्ही बाविसाव्यावर होतो. तरी त्या म्हणाल्या म्हणे काहीतरी, पण पोरांनी ते आधी केलेलं नव्हतं त्यामुळे त्यांना ते लागलं नाही. तोवर नाथा धावत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "ओपन द गेट, प्लीज, लवूदादा." मी उघडलं. शालू आली, तिनंही म्हटलं, उघडलं. आशानंही म्हटलं. तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा लावलं, आणि तिसऱ्या वेळी कडी घालताना मला आठवलं की हेडसर सकाळी मराठीत काहीतरी बोलले होते.

पुढे व्हायचं ते झालं. हेडसर व्हरांड्यातून धावत आले, चेहरा पांढराफटक, मला म्हणाले, "अरे, तू शिपाई आहेस की दरवाजा?" आणि स्वतःची सायकल देऊन पोरांना धरून आणायला पिटाळलं. मुर्ध्याच्या रस्त्याला अर्ध्यावर खाडीच्या बाजूनं मला नाथा येताना दिसला. त्याच्या मागे त्याचा बाप धर्माजी, खांद्यावर अर्धवट शिवलेलं जाळं. त्याच्या मागे मुर्ध्याची चार रिकामी माणसं, कारण सरकारी साहेब धर्माजीला बघायला बोलावतो हे गावात रोज घडत नाही. मी नाथाला म्हटलं, तू बघून यायचं होतंस ना, ह्यांना कशाला आणलंस? तो म्हणाला, मी बघितलं, पण साहेबानं कुठे बघितलंय? धर्माजी मला म्हणाला, "मी घरी जालं शिवत व्हतो. पोर बोलतंय, सायबाला दिसला पायजे. मंग हितं बसून शिवतो. बसाला जागा हाय ना?" मी म्हटलं, तिसरं बाक मोकळं आहे.

साहेब अजून वर्गातच होते. धर्माजी बाकाशी खाली बसला, जाळं पसरलं, सुई काढली आणि शिवायला लागला. नाथा शेजारी उभा राहिला. शिवणं ह्याला इंग्रजीत काय ते त्याला माहीत नव्हतं. मंदाबाई पुढे आल्या, त्या सुईकडे बघितलं, आणि हळूच एक शब्द दिला. नाथानं तो तोंडात फिरवून बघितला आणि पूर्ण वाक्य म्हणाला, माझा बाप जाळं शिवतोय. साहेब पाच मिनिटं नुसते ती सुई बघत होते. मग धर्माजी मान वर न करता म्हणाला, "सायब, पाय उचला. तुमच्या पायाखाली जाल्याचा शेवट हाय." साहेबांनी दोन्ही पाय उचलले आणि त्यानं ओढून घेईपर्यंत वरच धरले. तेवढ्यात शालू आपल्या बापाला, धाकूला घेऊन आली. तो मिठागरावर मीठ ओढत होता, गुडघ्यापर्यंत पांढरा होऊन आला आणि दारात थांबून मला विचारायला लागला की मी आता मीठ ओढत नाहीये, इथे आलोय, तर पोरगी बोलणार काय? शालूनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि साहेबांना सांगितलं, माझा बाप उभा आहे. कोणी हसलं नाही, कारण होताच उभा. साहेबांनीही मान हलवली.

आशा त्या दिवशी आलीच नाही. तिचा बाप होडीवर होता. ती किनाऱ्यावर जाऊन बसली, होडी दुसऱ्या दिवशी पहाटे लागली, आणि गुरुवारी तिसऱ्या तासाला ती वर्गात आली तेव्हा साहेब कधीच गेले होते. तिनं रिकाम्या खुर्चीकडे बघून सांगितलं, माझा बाप झोपलाय. बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ फळा पुसला. (फळा मी सकाळीच पुसला होता.)

आता माझं. धर्माजी जाळं गोळा करत होता, मी दारात होतो, लवू दारात आहे ह्या वाक्याला उभा राहतो तसाच. साहेब निघायला उठले आणि माझ्यापाशी थांबले. आतापर्यंत त्यांच्या लक्षात आलं असावं की तपासणीत जे घडलं ते सगळं गेटातून गेलं आणि गेटातून आलं. मला म्हणाले, "अँड यू? व्हॉट इज युवर फादर डूइंग?"

प्रश्न मला कळला. एक्केचाळीस पोरं माझ्याकडे बघत होती, खोटं बोलायची सोय नव्हती. रूफ म्हणजे छप्पर, ते कावळ्याच्या धड्यात येऊन गेलेलं. मी म्हटलं, "माय फादर इज ऑन द रूफ."

साहेबांनी वर बघितलं. (सगळ्यांनीच बघितलं, धर्माजीनंसुद्धा.) मग ते मराठीत बोलायला लागले. म्हणाले, "कुठल्या छपरावर?" मी म्हटलं, घराच्या. "आत्ता आहेत?" मी म्हटलं, मी बघितलं तेव्हा होते. "कधी बघितलंस?"

"दोन वर्षं नऊ महिने झाले."

तांब्याची फिरकी घट्ट होती ती साहेबांनी पुन्हा घट्ट केली आणि गेले.

भावोजी, तो दिवस तुम्हाला माहीत आहे, पण तात्यांच्या तोंडून. वैशाखात घर शाकारायला ते वर चढले होते आणि शिडी धरायला मी खाली होतो. आपलं अंगण सारवलेलं, शिडी धरल्याशिवाय ती सरकते. वरून एकेक कौल परतता परतता ते मला ऐकवत होते, की तुझे पाय एका जागी ठरत नाहीत, तुझ्या हातून आयुष्यात एक काम पुरं होणार नाही (शब्द वेगळे होते, आक्काला वाचून दाखवता येणार नाहीत). मी शिडी सोडली. ढकलली नाही, सोडली. वाडीत ढकलली असं बोलतात ते खोटं आहे. सोडली आणि एस.टी. धरली, आणि गाडी घाट चढायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की वरचा माणूस आता उतरणार कसा. ते उतरले असणार हे मला कळतं. त्यानंतर तीन दिवाळ्या झाल्या, तुमच्या कार्डातून त्यांचा खोकला, त्यांची सुपारी, सगळं येतं. पण मी बघितलेलं नाही. शेवटचं बघितलं ते छपरावर.

शुक्रवारी हेडसरांनी मला बोलावून साहेबांचा शेरा दाखवला. शेरा इंग्रजीत, दीड ओळ. मंदाबाईंनी मराठीत सांगितला तो असा, की विद्यार्थी न बघितलेलं बोलत नाहीत, आणि गेटाकडे लक्ष द्यावं. ह्यात पद्धतीचं कौतुक आहे की नालस्ती, ह्यावर हेडसर आणि बाई ह्यांचं अजून एकमत झालेलं नाही. गेटाच्या भागाबद्दल मात्र झालं, आणि मला लेखी खुलासा मागितला आहे. मी बाईंना म्हटलं, तुम्ही लिहून द्या, माझं शिक्षण चौथीचं. त्या म्हणाल्या, उघडलं तू, लिही तू. हे पत्र लिहून हात बसला, आता तोही लिहीन.

बाकी सगळं ठीक. थंडी गेली, खाडीवरचा वारा दुपारचा सुटतो. मोठ्यांना वाकून नमस्कार आणि लहानांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद झाला असं समजावं.

आपला, अजून न निघालेला,
लवू

ता. क. खुलासा हेडसर फाइलला लावून मोकळे होणार आहेत असं कळलं. पण कायम करायचं तर चौथी पास झाल्याचा शाळेचा दाखला पंचवीस तारखेच्या आत टेबलावर पाहिजे, नाहीतर त्यांच्याकडून इलाज नाही. दाखला तात्यांच्या ट्रंकेत आहे, शेतसाऱ्याच्या पावत्यांच्या डब्याखाली. मी पत्रानं मागितला तर ते पत्र उघडणार नाहीत. तुम्ही स्वतः जाऊन मागावा ही विनंती. त्यांचा कोट तुम्ही शिवलाय, तुम्हाला ते बसा तरी म्हणतील. कोणाला पाहिजे म्हणून विचारलं तर माझं नाव सांगा, लपवू नका.

ता. क. दुसरी. वर कुठेतरी कायम केलं काय आणि नाही केलं काय दोन्ही सारखंच असं लिहिलं गेलंय. ते खोडायचं राहिलं. शाई कमी आहे, तुम्हीच खोडा.

ता. क. तिसरी, ही आक्काला मोठ्यानं वाचून दाखवा. दाखला द्यायचा की नाही हे तात्यांच्या मनावर. पण तुम्ही दोघं जाल तेव्हा लगेच हाक मारू नका. आधी कुंपणापाशी उभे राहा, आणि ते त्या वेळी नेमकं काय करतायत ते बघा, आणि तेवढंच मला कार्डावर कळवा. कसे आहेत ते नको, काय म्हणाले ते नको. सुपारी कातरत असले तर तसं लिहा, झोपले असले तर तसं लिहा, ओळखीच्या कोणाला विचारून लिहू नका. ह्या दिवसांत छपरावर चढायचं काही कारण नाही. पण चढलेलेच असले, तर खाली शिडी कोणी धरलीय तेही लिहा.